‘तीस वर्षे उलटली, आता पाडा’: फातोर्डा स्टेडियमविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

मडगावजवळच्या फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमविषयी एक लांबलचक मजकूर सध्या मडगावपासून रत्नागिरीपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: हे स्टेडियम १९८९चे आहे, खाऱ्या हवेत काँक्रीट तीस वर्षांपलीकडे टिकत नाही, दुरुस्त्यांवर आजवर झालेला खर्च पाण्यात गेला, जगात सगळीकडे जुनी स्टेडियम पाडूनच नवी बांधतात, तेव्हा हेही जमीनदोस्त करून तिथे पन्नास हजार आसनांचे नवे स्टेडियम दोन वर्षांत उभे करावे. सावंतवाडीहून गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून सामन्यांना जाणाऱ्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे तिथल्या गैरसोयी मला ठाऊक आहेत आणि नव्या स्टेडियमला माझा तत्त्वतः विरोध नाही. परंतु या मजकुरात जी कारणे दिली आहेत, त्यांतले एकही ‘पाडा’ या निष्कर्षापर्यंत पोहोचत नाही.

सर्वांत जास्त लोकांना पटलेला मुद्दा खाऱ्या हवेचा आहे, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच त्याचा नीट विचार केला पाहिजे. कोकणात घराच्या सज्जाचे पोपडे सुटून आतली गंजलेली सळई उघडी पडलेली कोणी पाहिली नाही? मात्र त्या सज्जात नेमके काय घडलेले असते, ते समजून घेतले पाहिजे. खारी हवा काँक्रीटला थेट खात नाही. ती आतल्या सळईला खाते. ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून ही अल्कधर्मिता कमी करतो, आणि मिठातले क्लोराइड तो थर जागोजागी फोडते. मग सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने वरचे काँक्रीट तडकते, पावसाचे पाणी थेट आत शिरते आणि पुढची झीज झपाट्याने होते. म्हणजे प्रश्न इमारतीच्या वयाचा नसून सळईवर किती जाडीचे आणि किती घट्ट काँक्रीट आहे, याचा असतो.

या बाबतीत १९८९च्या बांधकामांविषयी शंका घेण्यास जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. त्या वेळी लागू असलेल्या आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या १९७८च्या आवृत्तीनुसार सळईयुक्त काँक्रीटला एम-१५ ही ताकदीची प्रत (आकडा जितका मोठा, तितके काँक्रीट मजबूत) चालत असे आणि स्लॅबच्या सळईवर १५ मिलिमीटरचे आवरण पुरेसे मानले जाई. २००० सालच्या आवृत्तीने किनारपट्टीवरचे उघडे काँक्रीट ‘तीव्र’ परिस्थितीत धरले आणि त्यासाठी किमान एम-३० प्रत व ४५ मिलिमीटर आवरण सांगितले. हा फरक मोठा आहे. पण त्यावरून एवढेच ठरते की अशा इमारतीची तपासणी कसून झाली पाहिजे. तपासणीचा निकाल काय लागेल, हे त्यावरून ठरत नाही. एकाच स्टेडियममध्ये छताखाली कोरडा राहिलेला खांब ठणठणीत असतो आणि चार महिने पावसात भिजून आठ महिने उन्हात तापणाऱ्या पायऱ्यांखालची तिरकी तुळई आतून पोखरलेली असते.

तीस वर्षांचा आकडा कुठून आला असावा, याचाही अंदाज करता येतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. म्हणजे तीस वर्षे ही तपासणी सुरू करण्याची वेळ आहे. ती पाडण्याची तारीख असती, तर निम्मी मुंबई एव्हाना मोकळे मैदान झाली असती.

इथे दुरुस्तीच्या बाजूच्या लोकांचाही कान धरायला हवा. ‘सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षे भर समुद्रात उभा आहे, मग स्टेडियम का नाही’ असे उत्तर याच गटांत अनेकांनी दिले आहे. ऐकायला ते छान वाटते, पण त्याचा उपयोग शून्य, कारण किल्ल्याच्या तटात सळई नाही. दगड नुसता दाब सोसतो. स्टेडियमच्या प्रेक्षागॅलरीची तुळई ताण सोसते आणि तो ताण लोखंड उचलते. या दोन बांधकामांची तुलना कोणत्याच बाजूने करता येत नाही.

दुरुस्त्यांवरचा खर्च वाया गेला, हा दुसरा दावा दोन वेगळे खर्च एकाच पिशवीत घालतो. या मैदानावर १९८९ पासून आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट सामनेही होत असत. २४ ऑक्टोबर २०१० रोजीचा भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला आणि त्यानंतर इथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतले नाही. पुढे जानेवारी २०१४ मधील ल्युसोफोनिया या पोर्तुगीजभाषक देशांच्या क्रीडा स्पर्धेसाठी आणि नंतर २०१७च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी स्टेडियमवर मोठा खर्च झाला. त्यानंतर २०२२ मधील मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने इथे झाले, २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे उद्घाटन इथेच झाले, आणि इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचे २०१५, २०२०, २०२१, २०२२ व २०२३ या वर्षांचे अंतिम सामनेही इथेच खेळले गेले. ज्या वास्तूने इतके दिले, तिच्यावरचा खर्च वाया गेला असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे? शिवाय हिरवळ, दिवे आणि प्लॅस्टिकची आसने या गोष्टी नव्या स्टेडियममध्येही ठरावीक काळाने बदलाव्याच लागतात. खरा आक्षेप वेगळा असू शकतो: स्पर्धेच्या निमित्ताने जे डोळ्यांना दिसते त्यावर पैसा जातो आणि जे दिसत नाही ते, म्हणजे सांध्यांतली गळती, पन्हाळी आणि पायऱ्यांच्या पोटातले पोपडे, तसेच राहून जाते. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो देखभालीच्या पद्धतीवरचा आक्षेप आहे, आणि तीच पद्धत कायम ठेवून बांधलेले नवे स्टेडियमही तीस वर्षांनी याच मजकुराचा विषय होईल.

‘जगात सगळीकडे पाडतात’ या वाक्याला आधार म्हणून लंडनच्या वेम्बलीचे नाव दिले आहे. वेम्बली पाडून नवे बांधले, हे खरे. जुन्या स्टेडियममधला शेवटचा सामना ऑक्टोबर २००० मध्ये झाला आणि नवे उघडले ते २००७ मध्ये. मधल्या काळात एफए चषक या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेचे सहा अंतिम सामने वेल्समधल्या कार्डिफला न्यावे लागले. इंग्लंडसारख्या श्रीमंत फुटबॉल संघटनेची ही कथा. दुसरीकडे बर्लिनचे १९३६चे ऑलिम्पिक स्टेडियम २००० ते २००४ या काळात नव्याने सजवले गेले आणि तेव्हाही तिथे सामने सुरू होते. त्या कामात खालचा टप्पा पाडून नव्याने बांधला आणि वरचा टप्पा दुरुस्त करून राखला. म्हणजे ‘पाडा’ आणि ‘दुरुस्त करा’ ही दोन्ही उत्तरे एकाच वास्तूत, भागाप्रमाणे, देता येतात. इतक्या लांब जायचीही गरज नाही. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम १९८४चे, फातोर्ड्याहून पाच वर्षांनी जुने. २०१७च्या विश्वचषकासाठी ते पाडले नाही. बाक काढून स्वतंत्र आसने बसवली, कृत्रिम हिरवळ काढून नैसर्गिक हिरवळ लावली, क्षमता मुद्दाम कमी केली, आणि अंतिम सामना ६६,६८४ प्रेक्षकांनी तिथे पाहिला.

पन्नास हजार आसनांच्या मागणीवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. २०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ५० हजार, म्हणजे आम्हा सीमेपलीकडच्यांना धरूनही तेवीस लाखांच्या आसपास. कोलकाता महानगर क्षेत्रात त्याच वेळी एक कोटी चाळीस लाख लोक होते. आजची सुमारे १९ हजारांची क्षमता अंतिम सामन्याच्या रात्री अपुरी पडते, एरवी नाही. आणि आसने वाढवली की बाहेर पडण्याचे मार्गही त्याच प्रमाणात वाढवावे लागतात. २०१७ मध्ये कोचीच्या मोठ्या स्टेडियमला सुरक्षेच्या कारणावरून २९ हजार प्रेक्षकांवरच थांबावे लागले होते.

मजकूर लिहिणाऱ्याने एक चांगला मुद्दा मात्र हातचा घालवला. भूकंपात इमारत एकदम न कोसळता वाकून तग धरावी, यासाठी सळईची बांधणी कशी असावी हे सांगणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये आले, म्हणजे हे स्टेडियम उभे राहिल्यानंतर. खांब व तुळयांचे जोड त्या दृष्टीने कच्चे असण्याची शक्यता आहे. खांबांना जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती सळया व काँक्रीटचा नवा थर चढवून, बरीच सुधारणा होते, पण ती कुठवर परवडेल हे मोजूनच सांगता येईल, आणि पाडण्याच्या बाजूने वजन पडलेच तर ते इथून पडेल.

राहिली दोन वर्षांची मुदत. कोकणात जून ते सप्टेंबर पाया खणता येत नाही, स्लॅब ओतणे म्हणजे जुगार असतो आणि उघड्या सळया पावसात गंजत पडतात. कामाचे खरे महिने आठ, ऑक्टोबर ते मे, आणि फुटबॉलचा हंगामही नेमका याच महिन्यांत असतो. संपूर्ण स्टेडियम पाडले तर किमान तीन-चार हंगाम गोव्यातल्याच बांबोळीच्या स्टेडियमवर आणि वास्कोच्या टिळक मैदानावर काढावे लागतील. करोनाच्या काळात त्या मैदानांनी इंडियन सुपर लीग तारून नेली, पण तेव्हा प्रेक्षक नव्हते. एकेक स्टँड बंद ठेवून काम केले तर बाकीच्या स्टँडमध्ये सामने चालू राहतात.

म्हणून मागणी करायचीच असेल तर ती तपासणीची करावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळावा अशी करावी. प्रत्येक स्टँडमधून गाभ्याचे नमुने काढून काँक्रीटची ताकद मोजावी, फिनॉल्फ्थॅलिन फवारून कार्बनचा शिरकाव किती खोल गेला ते पाहावे (निरोगी काँक्रीट गुलाबी होते, बाधित तसेच राहते), सळईच्या खोलीवरचे क्लोराइड मोजावे आणि हाफ-सेल चाचणीने, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून, गंजाचा नकाशा काढावा. हा नकाशा एखाद्या स्टँडच्या तिरक्या तुळयांवर लालेलाल निघाला आणि दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या जवळ गेला, तर तो स्टँड पाडण्याच्या मागणीवर मी सही करीन. उरलेल्या स्टँडवर हातोडा घालण्यापूर्वी त्यांचे आकडे वेगळे दाखवावे लागतील.