जरा लाइनीवर या

मराठी शब्दसंपत्ती वाढवायची म्हणून कोश विकत घ्यायला निघाला असाल, तर थांबा. तेवढ्या पैशांत घरादाराची मिसळ होईल. महाराष्ट्रात जन्म काढायला एकच शब्द पुरतो: लाइन. ओळ, रांग, रेघ, तार, पेशा, वळण ही सगळी खोगीरभरती. ती शाळेच्या दप्तरात घाला आणि दप्तर माळ्यावर टाका.

शब्द परका आहे, असं कुणी म्हणालं तर दबू नका. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जवसाच्या धाग्याचा दोरा. जवस आपल्या विदर्भात पिकतो, त्याची चटणी आपण भाकरीशी खातो. म्हणजे शब्द अर्धा घरचाच. (असलं काहीतरी छातीठोकपणे सांगायला शिका, पुढे व्याख्यानाच्या लाइनीत उपयोगी पडतं.) शिवाय लाइनीत, लाइनीला, लाइनीवर... जिला सामान्यरूप लागलं ती या घरची सून झाली. आता तिला माहेरी धाडता यायचं नाही.

मुंबईत उतरलात की आडनावाच्याही आधी तुम्हाला 'कुठली लाइन?' असं विचारतील. सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर, एवढंच सांगायचं; त्यावरून तुमची ऐपत, उठायची वेळ आणि सोशिकपणा समोरचा आपोआप ओळखतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तेव्हा लाइन एकच होती, त्यामुळे सोयरिकी जुळवणं सोपं असणार. आता डोंबिवलीची मुलगी बोरिवलीला देताना आईबापांचा जीव अमेरिकेला पाठवल्यासारखा होतो. मध्ये दादर आहे ना! तिथं दोन्ही लाइनींचा आपापला एक नंबर फलाट होता. डिसेंबर 2023 मध्ये रेल्वेनं 1 ते 14 असे सलग आकडे दिले. तोवर 'एक नंबरला भेटू' असं ठरवून दोघं दोन एक नंबरांवर उभे राहिल्यानं किती लग्नं वाचली असतील, देव जाणे.

मुंबईबाहेर मात्र हे ज्ञान वापरू नका. यवतमाळात भर दुपारी कुणी म्हणालं, ''लाइन गेली ना भाऊ,'' तर घड्याळ बघून ''पुढची कितीला?'' असं विचारायचं नाही. तिकडे लाइन म्हणजे वीज. तरी विचारलंतच, तर उत्तर मिळेल, ''चार वाजता येईन.'' आणि तुम्ही खुशाल बॅग उचलाल. रुळांची लाइनही यवतमाळातून गेलेलीच आहे म्हणा. मूर्तिजापूरहून येणारी अडीच फुटी रुळांची शकुंतला बंद पडली, ती काही चार वाजता येत नाही.

शेतकऱ्याची लाइन आणखी निराळी. या आठवड्यात दिवसाची, पुढच्यात रात्रीची. गव्हाला पाणी द्यायचं तर जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला उठून, बॅटरी आणि काठी घेऊन मोटारीशी जायचं, पायाखाली साप नाही ना ते बघायचं आणि बटण दाबायचं. तेवढ्यात डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडतो. शहरातल्या मित्रांना हे सांगताना 'रात्री लाइन असते' एवढंच सांगा. त्यांना ते भाग्याचं वाटेल आणि तुमच्याविषयी थोडा हेवाही वाटेल.

एक गोष्ट गाठीला बांधा: लाइनीला स्वतःचं काही नसतं, सगळी करामत क्रियापदाची. लाइन लावली, लाइन टाकली, लाइन तोडली, लाइन दिली. 'शेवटी लाइन दिली एकदाची' हे वाक्य विहिरीवर मीटर बसल्यावर म्हणतात आणि कॉलेजच्या कट्ट्यावरही. लाइन मारण्याबद्दल मात्र मी सल्ला देत नाही. त्या लाइनीचं शेवटचं स्टेशन हल्ली पोलीस चौकी असतं आणि तिच्या मागेच पोलीस लाइन.

ही दुसरी लाइन छावणीतून आली. पलटणीच्या बराकींच्या ओळी त्या लाइन्स, आणि मुलकी साहेबांचे बंगले त्या सिव्हिल लाइन्स. नागपूरचं विधानभवन तिथंच आहे. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत एकदा चक्कर मारा. लाइनही दिसणार नाही आणि सिव्हिल असं काही कानावरही पडणार नाही.

राजकारणात जायचं असेल तर 'लाइन क्लिअर' घोकून ठेवा. एकेरी रुळावर पुढच्या स्टेशनाचा मास्तर लाइन क्लिअर देत नाही तोवर मागचा मास्तर गाडी सोडत नाही. जुन्या पद्धतीत त्याची खूण म्हणून यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हवाली करायचे, आणि तो बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचाच नाही. रेल्वेवाल्यांना व्यवहार कळत नाही हो. पक्षात एका मतदारसंघाचे पाच गोळे पाच जणांच्या हाती देतात, प्रत्येकाला सांगतात, 'तुमची लाइन क्लिअर आहे', आणि मग टक्कर बघायला दिल्लीला जाऊन बसतात.

रांगेचं काय सांगू? पंढरपुरात आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपुरापर्यंत जाते. तुम्ही 'बारी' म्हणू नका, वारकरी समजतील. लालबागला नवसाची लाइन वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि ओळखीवाल्यांची तिसरी, जी लाइनच नसते. रॉकेलच्या दिवसांत आपण डबा, चप्पल, नाहीतर वीट ठेवून घरी जेवून यायचो. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत वीट चालत नव्हती, स्वतः उभं राहावं लागलं. तेव्हापासून मला सवयच लागली आहे. चार माणसं एकामागे एक दिसली की आधी उभं राहतो, कशाची आहे ते नंतर विचारतो. एकदा अशानं गुरांच्या दवाखान्यात खिडकीपर्यंत पोचलो होतो.

एवढं शिकलात तर कुठेही अडणार नाही. माझंच बघा. परवा लाइन गेली. कळवायला फोन केला, तर लाइन बिझी. म्हणून वीज कचेरीत गेलो, तर तिथं ही लाइन! तासाभरानं खिडकीशी पोचलो. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, ''लाइनमन लाइनीवर गेलाय.''

कुठल्या, ते विचारणार होतो, पण मागचे ओरडले, ''ओ काका, लाइन सोडा!''

सोडली. घरी आलो, तर लाइन आलेली.