गाडीत काहीच नाही म्हणे!

चालत्या गाडीचं इंजिन खटकन बंद. आधी झटका नाही, खोकला नाही. गिअर पडलेला, चाकं अजून इंजिन फिरवतायत, तरी आरपीएमचा काटा सरळ शून्यावर. स्टेअरिंग जड, मागचे हॉर्नवर हॉर्न. सेल्फ मारत बसा, इंजिन फिरतं पण पेटत नाही. आणि अर्ध्या तासाने, कोणी बोटही न लावता, पहिल्या सेल्फला सुरू!

मग गॅरेज. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, "काही नाही साहेब, गाडी एकदम ओके आहे." अरे बाबा, ओके आहे म्हणूनच इथवर आली ना! ओके नसती तर मी चालत आलो असतो!

त्यात तो स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा. "एरर नाही, म्हणजे प्रॉब्लेम नाही." कोणी शिकवलं हे? बरेचसे दोष इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पहिल्या खेपेला नुसते पेंडिंगमध्ये टाकतो. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तेच दिसलं तर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. मनात येईल तेव्हा दगा देणारा दोष ही परीक्षा पास होणार कसा? आणि कुठे काही नोंद झालीच असेल, तर आधीच्या महाभागाने बॅटरीची वायर काढून इसीयू 'रिसेट' केलेला असतो. म्हणजे दोषाच्या वेळी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, ही जी काही टिपणं होती तीही साफ.

कधी चुकून पी०३३५ हा कोड सापडलाच, तर लगेच "सेन्सर गेला". अहो, तो कोड क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिन फिरतंय हे इसीयूला कळवणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा आहे. सर्किटमध्ये वायर येते, वायरी जोडणारा कपलर येतो, कपलरमधली सैल पिन येते. पण ते बघायला वाकावं लागतं, आणि सेन्सर खोक्यातून काढून लावता येतो.

इथून पुढे नुसता जुगार. प्लग बदला. कॉइल बदला. फ्युएल फिल्टर बदला. थ्रॉटल बॉडी साफ करा. सगळ्यात चीड कशाची येते सांगू? दर वेळी गाडी काही दिवस नीट चालते. ती तशीही चालणारच होती! दोषच अधूनमधून येणारा, मग मधल्या दिवसांचं श्रेय ज्याने शेवटचा पार्ट बसवला त्याला. शिवाय पार्ट बदलताना जुने कपलर उघडले, परत दाबले, की गंजलेल्या पिना घासून तात्पुरता कॉन्टॅक्ट मिळतो. सगळे खूश. मग पुन्हा भर रस्त्यात खटकन.

वायरिंग तपासलं म्हणतात. कसं? मीटर लावला, बीप वाजला, संपलं. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एक उरली असेल तरी बीप वाजतो! मीटर तपासताना नाममात्र करंट सोडतो, पेट्रोलच्या पंपाला कित्येक अँपिअर लागतात. तपासायचं ते लोडवर. इंजिन चालू ठेवा, दिवे लावा, आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिन ब्लॉकपर्यंत किती व्होल्ट गळतात ते बघा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. पाच मिनिटांचं काम, पण पाच मिनिटं कोणाकडे आहेत?

आणि ट्रायल थंड इंजिनवर! क्रँक सेन्सरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, गरम झाल्यावर तुटते, गार झाली की जुळते. इंजिन बंद करून गाडी थोडा वेळ उभी केली की हवा थांबते, पाणी फिरायचं थांबतं, आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. म्हणून तर बाहेर जरा थांबून परत सेल्फ मारला की ही मेलेली असते. तेव्हाच बघायला हवं. चावी ऑन केल्यावर पंप दोन सेकंद घूं करतो का? ठिणगी पडते का? सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो की शून्य? शून्य असेल तर त्या सेन्सरवर गार पाणी ओता आणि पुन्हा सेल्फ मारा, लगेच पेटली तर चोर सापडला. गाडी चांगली चालत असताना यातलं काहीही करून उपयोग शून्य.

खरं दुखणं पैशाचं आहे. पार्ट बसवण्याची मजुरी मिळते, शोधण्याची कोणी देत नाही. गिऱ्हाईकही काही कमी नाहीत, "काही बदललंच नाही, मग पैसे कसले?" म्हणून हुज्जत घालणारे. मग तोही बदलतो काहीतरी. मला शोधण्याचे पैसे द्यायचेत हो, घ्या ना!

वर फुकटचे सल्ले. "जुनी झाली, विकून टाक." का? एका वायरीपायी अख्खी गाडी?

उद्या परत नेतोय. पण या वेळी चावी देणार नाही. मेकॅनिकलाच शेजारच्या सीटवर बसवणार, स्कॅनर मांडीवर, आणि बंद पडेपर्यंत फिरवणार. पेट्रोल माझं, मजुरी तासावर. जेवणाची वेळ झाली तरी उतरू देणार नाही.