पुन्हा उसवा!

गोधडी शिवायला घेतली की माझ्या हातून शिवणं कमी आणि उसवणंच जास्त होतं. काठापासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यायचं, एवढंच तर काम! काल सहावी फेरी संपवून कौतुकाने गोधडी उलटवली, तर खालच्या लुगड्याला ही मोठी चुणी. वरून मात्र सगळं कसं सोज्वळ! म्हणजे दोन फेऱ्या उसवा. त्यात हे जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन इतकं विरलेलं, की टाक्याखाली ब्लेड सरकवलं तर दोऱ्याआधी कापडच फाटतं. मग सुईच्या टोकाने एकेक टाका उचला, चार-पाच टाक्यांनी दोरा कापा, ओढा. दोरा निघाला तरी भोकांची रांग तशीच, दात विचकून हसणारी. पाणी शिंपडलं, नखाने घासली, तेव्हा कुठे जरा बुजली.

शिवायला अर्धा तास, उसवायला दीड!

आधी मोठे कच्चे टाके घालून थर नीट धरले असते तर हे झालंच नसतं. माहीत आहे मला. दरवेळी माहीत असतं.

वर सासूबाई म्हणतात, "राहू दे गं, पांघरल्यावर कोण बघतंय?"

अहो, मी बघते ना!