वेडेलियावर मीठ नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वेडेलिया ही जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची तणवेल हाताने उपटून माती झाकण्याचा माझा सल्ला आपल्याला वेळखाऊ वाटला. माडाच्या आळ्यात आपल्याकडे पूर्वापार मीठ घालतात, मग तेच पोतेभर टाकून मोकळे का होऊ नये, असे आपण विचारता. शिवाय आंब्याखाली पारदर्शक प्लास्टिक अंथरूनही काही झाले नाही, अशी आपली तक्रार आहे.

ही तक्रार रास्त आहे. प्लास्टिकखाली माती तापायला दिवसभराचे ऊन लागते, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. एप्रिल-मे महिन्यांत, उघड्या जागी, ओलवलेल्या मातीवर ते चार ते सहा आठवडे घट्ट बसवले तरच उपयोग होतो. झाडाखाली वेल उपटून झाल्यावर पुठ्ठ्याचे दोन-तीन थर एकमेकांवर चढवून अंथरावेत आणि वर पालापाचोळा व झावळ्या टाकाव्यात.

मिठाबाबत मात्र मी सहमत नाही. माड खारेपणा सोसतो. अबोली आणि जाई सोसत नाहीत. वेडेलिया तर समुद्रकाठीही फोफावते, म्हणजे मिठाने आधी अबोली मरेल आणि नको असलेली वेल मागे उरेल. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटून खारे पाणी भातात शिरले की काय होते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. तिथे निदान पुढच्या पावसाचे पाणी मीठ धुऊन ओहोटीबरोबर मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, बाहेर नेते. परसातल्या मिठाला तशी वाट नसते, जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून ते विहिरीकडे झिरपण्याची भीती असते, आणि त्या विहिरीचे पाणी आपण पितो.

खरे काम आहे ते पेरांचे. या वेलीची एक फांदी हातात घेऊन पाहा: जिथे जिथे पेर मातीला टेकले आहे तिथे पांढऱ्या मुळांचा झुबका फुटलेला दिसेल. बोटाएवढा तुकडा मागे राहिला तरी पावसात त्यातून नवी वेल उभी राहते. म्हणून फांदी ओढून तोडू नये. पहिल्या पावसाने माती सैल झाली की खुरप्याने प्रत्येक पेर मुळासकट उचलावे आणि चतुर्थीपर्यंत दर आठवड्याला त्या जागेवरून नजर फिरवावी. उपटलेला ढीग कुंपणापलीकडे टाकू नये, कारण रस्त्याकडेच्या उतारांवर ही वेल बहुधा अशीच पोचते. पावसाळ्यात तो काळ्या पिशवीत बांधून पूर्ण कुजू द्यावा. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच हळद किंवा अळू लावावे. उघडी माती वेडेलिया पुन्हा व्यापते.

उपटण्यापूर्वी पाने अवश्य पाहावीत. वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन टोके असतात. आपल्याकडचा औषधी पिवळा माका फुलाने तिच्यासारखाच दिसतो, पण त्याचे पान अरुंद आणि अखंड असते. तो सापडला तर कृपया राहू द्यावा.