नक्कल मध्येच अडकली तर?
लेख आवडला, पण डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका पेशी कशा सुधारते, एवढ्यावरच तो थांबला. साधारण १ लाख अक्षरांमागे (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या घटकांमागे) एक चूक, आणि तपासणी-दुरुस्तीनंतर ती अब्जात एकावर येते, हे वाचून थक्क व्हायला होतंच. पण नक्कल मध्येच अडकली तर?

माझ्या भाच्याला सिकलसेल आहे, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. आमच्या नागपूरकडे हे दुखणं नवीन नाही. तो रोज जेवण झालं की हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घेतो आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासायला जातो. पांढऱ्या पेशी का मोजतात, हे मला या विषयामुळेच उमगलं. हे औषध डीएनएची अक्षरं तयार करणाऱ्या एका एन्झाइमला दाबतं. अक्षरं कमी पडली की नक्कल करणारं यंत्र जागीच थबकतं, आणि रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या भराभर विभागणाऱ्या पेशींना त्याचा फटका आधी बसतो. (बाळ पोटात असतानाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन रुग्णाच्या रक्तात वाढतं आणि सिकलसेलचा त्रास कमी होतो, हा फायदा वेगळा.)

थबकलेल्या जागी उघडा पडलेला एकेरी धागा आरपीए हे प्रथिन झाकतं. एटीआर हे दुसरं प्रथिन हाकाटी करून पेशीचं विभाजन रोखून धरतं. नवा धागा कुरतडला जाऊ नये म्हणून रॅड५१ हे प्रथिन त्याला लपेटून बसतं, आणि रॅड५१ला तिथं टिकवतं बीआरसीए२ हे आणखी एक प्रथिन. हो, स्तनाच्या कर्करोगामुळे ऐकलेलं तेच! तुटलेला डीएनए जोडणारं म्हणून ते सगळ्यांना ठाऊक, पण ही राखणदारी कुणी सांगतच नाही.

पुढचा लेख यावर लिहा ना. आणि आकृती जरा मोठी टाका, मोबाईलवर काही म्हणजे काही दिसत नाही.