गॅसवर तापवून सरळ केलेल्या पिलरविषयी खुलासा

‘अपघातात वाकलेला पिलर (मोटारीच्या छताला आधार देणारा खांब) गॅसवर तापवून ठोकला की पहिल्याइतकाच मजबूत होतो, बदलायला सांगणारे गॅरेजवाले पैसे उकळतात,’ असा संदेश सांगली-मिरज भागातील मोटारमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. हा दावा चुकीचा असून जिवाशी खेळणारा आहे.

अनेक मोटारींच्या मधल्या पिलरमध्ये वापरलेले बोरॉनयुक्त पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यातच झटकन थंड केलेले असते आणि त्यातूनच त्याला सुमारे १५०० मेगापास्कल इतकी ताकद येते. गॅसच्या ज्वालेने ते पुन्हा तापले की ही ताकद घटते, मात्र वरून पुट्टी आणि रंग चढल्यावर पिलर अगदी नवा दिसतो. दाराच्या बाहेरच्या पत्र्याचा पोचा ठोकून काढण्यास हरकत नाही, तो भाग वेगळा.

पिलर बदलणे म्हणजेही कुठेही कापून जोडणे नव्हे. उत्पादकाने नेमून दिलेल्या जागीच काप घेऊन, जुने स्पॉट वेल्ड (पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडणारे सांधे) ड्रिलने सोडवून, गाडी जिगवर (गाडी मापात घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीवर) बांधून मापे जुळल्यावरच नवा भाग वेल्ड करावा लागतो, आणि आतील पोकळीत गंजरोधक मेण फवारावे लागते. कामापूर्वीचा व कामानंतरचा मापांचा कागद मालकाने मागून घ्यावा.