कंसात पप्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी परवा वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. वर गॉगलवाला फोटो, खाली शुभेच्छुकांचे अठरा चेहरे आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत नाव: 'पप्पूशेठ कंसात पप्या'. मजकूर फोनवरून सांगितलेला. सांगणारा 'कंसात' म्हणाला आणि बाळ्याच्या डीटीपीच्या दुकानातल्या नव्या पोराने ऐकलं तसं टाइप केलं.

रविवारी संध्याकाळी बाळ्या तलावपाळीच्या कट्ट्यावर आला, तर त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"चूक पोराची नाही, शब्दाची आहे," बाळ्याने आधीच ठरवून आणलं होतं. "सरळ ब्रॅकेट म्हणा ना. कंस म्हटल्यावर त्याला कृष्णाचा मामाच आठवणार."

"आणि ब्रॅकेट म्हटल्यावर एसीवाला आठवेल," चिन्मयी म्हणाली. ती नौपाड्यात जर्मन शिकवते. "भिंतीतून बाहेर आलेल्या टेकूला ब्रॅकेट म्हणतात. पोरगं ड्रिल घेऊन हजर झालं असतं."

सरांना मात्र मामाचा उल्लेख लागला. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गणिताचा अपमान त्यांना सहन होत नाही. "मामाचा काय संबंध? भूमितीत वर्तुळकंस काढलास की नाही? कंपास टेकवून वर्तुळाचा जो तुकडा काढतोस तो कंस. असे दोन तुकडे समोरासमोर उभे केले की झाला गोल कंस. कंचेभागुबेव विसरलास का?"

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. बाळ्या ते विसरला नव्हता, पण त्या 'चे'वरून त्याने खाल्लेल्या छड्याही त्याला आठवत होत्या. म्हणून तो गप्प.

इतका वेळ चहा ढवळत बसलेले मुश्ताकभाई आता बोलले. मूळचे दापोलीकडचे, बरीच वर्षं दुबईला साइटवर होते. "सर, अरबीत धनुष्याला कौस म्हणतात. वर्तुळाचा तुकडा, तोही कौस. आणि लिहिताना घालतो तो, तोही कौस. इंद्रधनुष्यातसुद्धा हाच कौस आहे, कौस कुझह."

"गुजरातीत कौंस," पलीकडून जिगर म्हणाला. तो खाकरा खायला येतो, वाद घालायला नाही, पण हे त्याच्याने राहवलं नाही.

कौस, कौंस, कंस. कट्ट्यावर जरा शांतता पसरली. मला ही वाट सरळ दिसते. सरांना अजून पटलेलं नाही. त्यांना संस्कृतातून आलेला शब्द हवा आहे आणि तो सापडेपर्यंत ते थांबायला तयार आहेत.

"बरं, महिरपी कंस तरी आपला ना?" त्यांनी विचारलं.

"महिरप मेहराबवरून आली, सर. मशिदीतला." मुश्ताकभाईंनी हे इतक्या हळू सांगितलं की सरांना रागावताही येईना.

सरांनी खिशातून विजेचं बिल काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठा { काढला आणि कागद उजवीकडे आडवा फिरवला. टोक वर आलं, दोन्ही खांदे खाली उतरले. अगदी गणपतीच्या मखराची महिरप. शाळेत मी हा कंस शेकडो वेळा सोडवला, पण कागद फिरवून कधी पाहिला नव्हता. शब्द डोळ्यांसमोर होता आणि आम्ही फक्त तोंडाने म्हणत होतो. बिल हातोहात फिरलं, त्यावर चहाही सांडला.

मग चिन्मयी सुटली. हाच आकार स्वीडनमध्ये 'मोसविंगे', म्हणजे समुद्रपक्ष्याचे, आपल्या कुरवाचे पंख. (थंडीत खाडीवर कुरव येतात, लहान मुलं चित्रात असाच पक्षी काढतात.) फ्रेंचांना त्यात गळाभेट दिसली, म्हणून तो 'आकोलाद'. स्पॅनिशमध्ये त्याला किल्ली म्हणतात आणि चौकटी कंसाला 'कोर्चेते', म्हणजे ब्लाउजला लावतात तो हूक. जर्मनमध्ये सगळ्याच कंसांना 'क्लामर', म्हणजे चिमटा. दोरीवर कपड्यांना लावायचा तोही क्लामरच. अवतरणचिन्हांना जर्मन लोक हंसिणीची पावलं म्हणतात, हंगेरीत ती मांजराची नखं होतात आणि तुर्कस्तानात नुसतंच नख.

"आणि आपण काय म्हणतो? अवतरणचिन्ह!" बाळ्याला पुन्हा जोर चढला. "स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम. ऐकून झोप येते. मांजराचं नख कुठे आणि हे कुठे!"

यावर सर जे म्हणाले ते मला पटलं: मोडीत शब्दांमध्येसुद्धा जागा सोडत नसत, तिथे स्वल्पविराम कुठून येणार? जुन्या पोथ्यांत एक दंड, दोन दंड, एवढ्यावर भागायचं. इंग्रजी धाटणीची चिन्हं मराठीत रुजवण्यात मेजर थॉमस कँडीचा मोठा हात. 1850 साली त्याची 'विरामचिन्हांची परिभाषा' आली. वाचणाऱ्याला ही चिन्हं नवीनच होती, म्हणून कुठे किती थांबायचं ते नावातच आलं तर बरं: थोडं थांब, अर्धं थांब, पूर्ण थांब. विरामाचं नाव काम सांगतं, कंसाचं नाव आकार सांगतं. कन्नडवाले कंसालाही कामाचंच नाव देतात, 'आवरण चिन्ह'.

"हिंदीत कोष्ठक," बाळ्या म्हणाला. एकदा एका हिंदी गिऱ्हाइकाने 'कोष्ठक में डालो' सांगितलं, तर त्याने अख्खी किंमतयादी रकाने पाडून कोष्टकात बसवली होती. गिऱ्हाइकाला फक्त जीएसटीभोवती कंस हवा होता. ते काम त्याला फुकट परत करावं लागलं.

"म्हणजे दोन्ही वेळा तुझंच दुकान," चिन्मयी म्हणाली.

"माझं म्हणणं एवढंच, की फोनवर सांगताना कंस उघडा, कंस बंद करा, असं म्हणायचं. आम्ही प्रेसवाले तसंच म्हणतो. 'कंसात' म्हटलं की कुठून कुठपर्यंत ते कसं कळणार?"

हे मात्र कुणाला खोडता आलं नाही. 'कंसात' ऐकल्यावर उघडायचा कुठे ते कळतं, मिटायचा कुठे ते नाही. अगदी सरांनीही मान डोलावली आणि चहा सांडलेलं बिल घडी करून खिशात ठेवलं.

एवढ्यात गडकरी रंगायतनच्या बाजूने स्वतः पप्या आला. तोच गॉगल, संध्याकाळी सात वाजता. आम्हाला वाटलं आता भांडण. पण तो बाळ्याच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "बोर्ड काढू नकोस हां. दोन दिवसांत चाळीस लोकांनी त्याच्याखाली सेल्फी काढलेत."

"मग उरलेले अर्धे पैसे?" बाळ्याने विचारलं.

"चुकीच्या मजकुराचे?"

"तू सांगितलास तसाच छापलाय," बाळ्या म्हणाला.